आपला हात जगन्नाथ

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण आपण मोठ्या आत्मविश्वासाने वापरतो. पण ज्या जगन्नाथाचा हवाला द्यायचा, त्याच्या पुरीच्या मूर्तीला पुरते हातच नाहीत, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. स्वावलंबनाचा दाखला म्हणून नेमका बिनपंजाचा देव निवडणारा माणूस एक तर विनोदी असला पाहिजे, नाहीतर स्वावलंबनाबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असलं पाहिजे. गेली दोन-तीन वर्षं मी माझ्या मोटारीची किरकोळ कामं घरीच करतो आहे. तेव्हापासून मला ही दुसरी शक्यता खरी वाटू लागली आहे.

आमच्या घरात स्वावलंबन हे तत्त्व म्हणून आलं नाही; ते काटकसर म्हणून आलं. छत्रीची काडी, सायकलचं पंक्चर, इस्त्रीची वायर असल्या गोष्टींसाठी बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे वडिलांच्या मते कुळाला बट्टा. पुढे शाळेत 'स्वावलंबनाचे महत्त्व' या विषयावर निबंध आला, तेव्हा बाकीची मुलं थोरामोठ्यांची वचनं आठवत होती आणि मला आठवत होती ती रबर सोल्यूशनची ट्यूब.

मोटारीच्या सर्व्हिस सेंटरात मात्र या संस्काराची पंचाईत होते. तिथे गाडी आत जाते आणि मालक बाहेर राहतो. मधे काच असते. काचेच्या अलीकडे गार हवा, यंत्रातली कॉफी आणि बसल्याजागी डुलकी यावी असा सोफा. थोड्या वेळाने टाय लावलेला एक तरतरीत मुलगा येतो आणि ऑपरेशनला संमती घ्यावी तशा आवाजात म्हणतो, "सर, एसीला थोडा वास येतोय. ट्रीटमेंट करून घेऊ या का?" डॉक्टरांना आणि या मुलाला 'नको' म्हणायची आपली काय प्राज्ञा!

मग बिल येतं. माझ्या अशाच एका बिलात 'एअर फिल्टर बदलणे' या ओळीपुढे फिल्टरची किंमत होतीच, शिवाय बदलण्याची मजुरी वेगळी, तीही तीन आकडी. घरी येऊन मी बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्याला चार क्लिपा होत्या. आमच्या पोळ्यांच्या डब्याचं झाकण यापेक्षा घट्ट बसतं.

मला राग पैशांचा आला नाही. (हे वाक्य सौ.ने वाचू नये.) राग आला तो त्या ओळीतल्या गृहीताचा. हा माणूस घरी जाऊन बॉनेट उघडणार नाही, असं कुणीतरी धरून चाललं होतं.

त्या दिवसापासून मी नाना पेठेत जाऊ लागलो. फिल्टर, वायपरची पाती, बल्ब सगळं तिथे मिळतं, आणि दुकानदार कॉफी देत नसल्यामुळे भावही बरा असतो. हळूहळू मला माझी गाडी कळू लागली. एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दडलेला असतो. चाकात हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं. ते आजवर पंपावरचा मुलगाच ठरवत होता. बॅटरीच्या टोकांवर साठणारी पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. टोकं सोडवताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि जोडताना ते शेवटी लावायचं, म्हणजे ठिणगी पडत नाही. घरातल्या वादातही हाच क्रम पाळावा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं म्हणजे घरात लग्नाची मुलगी असल्याचं जाहीर करणं. सल्ला न देणारा माणूस सापडत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर चष्मा पुसत येतात आणि "आमच्या वेळच्या पद्मिनीत बघा..." अशी सुरुवात करतात. वॉचमन बाजूला उभा राहून मान हलवतो. ती होकाराची की कणवेची, ते मी विचारलेलं नाही.

या उद्योगाला तत्त्वज्ञान चिकटवणारा मी काही पहिला नव्हे. रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1974 साली 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे जाडजूड पुस्तक काढलं. 121 प्रकाशकांनी ते त्याआधी परत केलं होतं. त्यातल्या निवेदकाच्या मित्राच्या महागड्या मोटरसायकलचं हँडल सैल झालेलं असतं. निवेदक सुचवतो, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत घालू, घट्ट बसेल. मित्र दुखावतो. असल्या गाडीला डब्याचा पत्रा! आपल्या चाळीत हा मित्र एक दिवस टिकला नसता. पण पर्सिगचा मुद्दा पत्र्याचा नाही. ज्या वस्तूवर आपण रोज जीव टाकून बसतो, तिच्या आत काय चाललं आहे याची आपल्याला काही पडलेली आहे की नाही, असं तो विचारतो.

आणि हा नुसता माझ्यासारख्या चिकट माणसांचा हट्टही नाही. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण काय, तर अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, उपकरणं खुल्या बाजारात मिळू न देता त्यांनी गिऱ्हाइकाला आणि बाहेरच्या गॅरेजवाल्यांना बांधून ठेवलं. कंपन्या अपिलात गेल्या. पण गाडी विकत घेतली म्हणजे ती उघडून बघायचा हक्कही घेतला की नाही, हा प्रश्न माझ्या पार्किंगपुरता नाही एवढं त्यातून कळलं.

इथवर सगळं सोपं आहे. आता तुम्ही म्हणाल, मग तेल बदला, ब्रेक बदला, थांबलात कशाला? थांबलो, कारण इथून पुढे तो हातांचा प्रश्न येतो.

इंजिनाचं तेल घ्या. खालचा नट सोडला की छोट्या गाडीतून तीन-सव्वातीन लिटर काळंभोर तेल बाहेर येतं. काम अवघड नाही. पण ते तेल ओतायचं कुठे? गटारात ओतलं की ते मुठेला जाऊन मिळणार. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. गॅरेजात त्याचं पिंप असतं, ते नेणारा माणूस असतो. माझ्याकडे बादली असते, आणि ती सौ.ची असते.

ब्रेकचं तर विचारूच नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 3 जातीचं नवं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. ओलावा मुरला की तेच प्रमाण 140 वर येतं. ताम्हिणीचा उतार, सारखा ब्रेकवर पाय, चाकं तापलेली. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडी पुढे जाते. एअर फिल्टर वाकडा बसला तर इंजिन कुरकुरेल, ती कुरकुर मी ऐकेन. ब्रेक चुकला तर तो मागच्या सीटवरच्या नातवंडांना कळेल, आणि समोरून एसटीने येणाऱ्या चाळीस माणसांना.

म्हणून मी माझ्यापुरता एक कायदा केला आहे. ज्या चुकीचं बिल मला एकट्याला येईल, ते काम माझं. ज्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या घरी जाईल, ते काम जाणकाराचं. स्वावलंबनात 'स्व' आहे, तो तेवढ्यापुरताच. दुसऱ्याच्या जिवावर केलेल्या काटकसरीला आपल्याकडे दुसरा शब्द आहे.

आमचा जाणकार म्हणजे कोपऱ्यावरचे उस्ताद. फिल्टर मी घरीच बदलतो हे कळल्यावर ते रागावतील, असं मला वाटलं होतं. शेवटी त्यांच्या पोटाचा प्रश्न. ते म्हणाले, "अहो साहेब, फिल्टर तुम्ही बदला. ब्रेकला हात लावू नका, म्हणजे झालं." मग त्यांनी जुने ब्रेक पॅड काढून माझ्या हातात ठेवले. नवे शेजारी धरून किती झिजलेत ते दाखवलं. मी दोन प्रश्न विचारले. चार क्लिपा उघडल्या नसत्या तर मला तेही विचारता आले नसते. मजुरी सांगितली ती मी घासाघीस न करता दिली. चारशे रुपयांत काय काय येतं ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर होतं. काचेआड दिलेला पैसा आणि बघून दिलेला पैसा यांत हाच फरक. विश्वास टाकायलाही थोडं कळावं लागतं.

मात्र फार कळूनही चालत नाही. जगन्नाथाच्या अर्ध्या हातांची कथा तुम्ही ऐकली असेल. कारागिराने बजावलं होतं, काम पुरं होईपर्यंत दार उघडायचं नाही. राजाला धीर निघाला नाही. त्याने दार उघडलं आणि मूर्ती तशीच अपुरी राहिली. त्यामुळे उस्ताद गाडीखाली असले की मी बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसतो. सगळं बघतो.

आणि तोंड मिटून ठेवतो. माझ्या ओळखीतले लोक म्हणतात, गाडीच्या सगळ्या कामांत मला हेच काम सगळ्यात जड जातं.