किल्लीवर वीज पडली नव्हती

बेंजामिन फ्रँकलिनचा धडा आला की अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत एक हस्तकला हमखास होते: रंगीत कागदाचा पतंग, त्याला दोरा, दोऱ्याला चंदेरी कागदाची किल्ली आणि तिच्यावर चिकटवलेली पिवळी, नागमोडी वीज. दिसायला छान. पण मुलाच्या मनावर ठसतो तो चमत्कार. आकाशातून वीज उतरली, एका थोर माणसाच्या हाती आली आणि त्याला काहीच झालं नाही! कुठल्याही संतचरित्रात शोभावा असा प्रसंग. ज्याने विजेला दैवी कोपाच्या यादीतून बाहेर काढलं, त्याचीच कहाणी आपण दैवी करून सांगतो.

ऑक्टोबर 1752 मध्ये फ्रँकलिनने छापलेलं वर्णन वेगळंच आहे. रेशमी रुमालाचा पतंग, वर अणकुचीदार तार, खाली पावसात भिजणारी दोरी. दोरीच्या टोकाला रेशमी फीत आणि दोन्हींच्या जोडावर किल्ली. फीत धरणाऱ्याने दाराखिडकीच्या आत उभं राहायचं, म्हणजे ती कोरडी राहील आणि वीजभार हातापर्यंत पोचणार नाही. ढगातला वीजभार ओल्या दोरीतून किल्लीत येतो, बोट जवळ नेलं की ठिणगी उडते. वीज खरोखर कोसळली असती तर माणूस वाचला नसता. 1753 मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिचमान हा शास्त्रज्ञ विजेच्या प्रयोगातच मेला. म्हणजे सगळा विचार आहे तो त्या कोरड्या फितीत, आणि हस्तकलेत नेमकी तीच गाळलेली असते.

त्या काळी विजेपासून बचाव करावा का, हा वाद धर्माचाही होता. युरोपात गडगडाट सुरू झाला की चर्चच्या घंटा वाजवत, आणि दोर ओढणारेच विजेने मरत. 1755 मध्ये बोस्टनला भूकंपाचा धक्का बसल्यावर तिथल्या एका धर्मोपदेशकाने तडितरक्षकांवरच, म्हणजे वीज जमिनीत नेण्यासाठी इमारतींवर लावलेल्या सळयांवरच, संशय घेतला: त्यांनी जमिनीत उतरवलेली वीजच धरणी हलवत असेल. देवाचा कोप अडवणं पाप नाही का, या शंकेला फ्रँकलिनचं उत्तर साधं होतं. पाऊस आणि ऊनही आकाशातूनच येतात. त्यांच्यापासून वाचायला आपण छप्पर घालतो, तेव्हा कुणाला पाप वाटत नाही. हे उत्तर नास्तिकाचं नाही. श्रद्धाळू माणसालाही ते पटण्यासारखं आहे, कारण तोही छपराखालीच प्रार्थना करतो.

कुणी म्हणेल, सात वर्षांच्या मुलाला वीजभार काय कळणार, आणि नवल काढून घेतलं तर गोष्टीत उरेल काय? पण ओलं आणि कोरडं यातला फरक मुलाला नक्की कळतो. आणि नवल जात नाही, त्याची जागा बदलते. फ्रँकलिनच्याच सूचनेवरून 10 मे 1752 रोजी फ्रान्समधल्या मार्ली गावी उंच लोखंडी सळई उभारली होती. तिच्याखाली जमिनीशी संबंध तोडायला दारूच्या बाटल्या ठेवल्या होत्या. ठिणग्या काढल्या त्या एका निवृत्त शिपायाने, आणि मग धावत आलेल्या गावच्या पाद्र्याने. फ्रँकलिन तेव्हा समुद्रापार होता. शिपाई असो वा पाद्री, निसर्ग दोघांनाही सारखंच उत्तर देतो. संतचरित्रात असं होत नाही. तिथे तो माणूसच लागतो.

तेव्हा शिक्षकांनी पतंग जरूर करून घ्यावा, पण पिवळी वीज कापू नये. सुतळी वाटीभर पाण्यात भिजवावी, फीत कोरडी ठेवावी, आणि धरणारा हात दाराच्या आत का, हे मुलांना विचारावं. खऱ्या पावसात पतंग उडवायचा नाही, हेही त्याच तासाला सांगावं.