सहा रुपयांचा शेअर आणि नवा संचालक

२० एप्रिल २०२३ रोजी व्होडाफोन आयडियाने शेअर बाजारांना कळवलं की कुमार मंगलम बिर्ला यांची संचालक मंडळावर अतिरिक्त संचालक म्हणून नेमणूक झाली आहे. शेअरचा भाव तेव्हा सहा रुपयांच्या आसपास रेंगाळत होता. बातमी येताच तो उसळला. कंपनीच्या डोक्यावरचं देणं एका रुपयानेही उतरलं नव्हतं, सोडून गेलेले ग्राहक परतले नव्हते, नवं भांडवल येत असल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. तरी खरेदी झाली. घेणाऱ्यांनी त्या दिवशी नेमकं काय घेतलं?

भोळेपणा म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. हेच बिर्ला ऑगस्ट २०२१ मध्ये याच कंपनीच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले होते. त्याआधी जूनमध्ये त्यांनी केंद्र सरकारला पत्र लिहून, कंपनी वाचणार असेल तर आपला हिस्सा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचीही तयारी दाखवली होती. हात झटकायला निघालेला मालक पुन्हा येऊन बसतो, तेव्हा त्याला आत काहीतरी दिसलं असणार, हा तर्क चुकीचा कसा म्हणावा? शिवाय तो पुढे काही काळ खराही ठरला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ११ रुपये भावाने १८,००० कोटींचा एफपीओ (नव्या शेअरची जाहीर विक्री) आणला आणि जूनअखेर शेअर १९ रुपयांपर्यंत गेला. सहाला घेऊन तिथे विकणाऱ्याला कुणी अर्थशास्त्र शिकवू नये.

पण तारखा जरा मागेपुढे करून पाहिल्या की चित्र बदलतं. बिर्ला परतण्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सरकारने थकलेल्या व्याजापोटी १६,१३३ कोटींचे शेअर दहा रुपये दराने स्वतःकडे घेतले होते आणि कंपनीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा सरकारचा झाला होता. खरी घटना ती होती. नेमणूक तिच्या मागून आली. पुढेही तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये महसुलावरच्या सरकारी शुल्काच्या (एजीआर) थकबाकीवरची क्युरेटिव्ह याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचं कळलं आणि शेअर कोसळला. २०२५ मध्ये सरकारने आणखी ३६,९५० कोटींच्या देण्याचे शेअर करून घेतले, त्याचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. नेमणुकीनंतरच्या या सगळ्या काळात संचालक मंडळावर बिर्ला होतेच.

शेअर सहा रुपयांवर येतो तोवर कंपनीची सूत्रं बहुतेक वेळा संचालकांच्या टेबलावरून उठून दुसरीकडे गेलेली असतात: कर्ज देणाऱ्या बँकांकडे, न्यायालयात, एखाद्या मंत्रालयात. म्हणून नवा माणूस कोण, यापेक्षा त्याला कुणी बसवलं आणि तो येताना काय घेऊन आला, हे जास्त बोलकं असतं.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत हे फार उघडेपणाने दिसलं. २००८ साली तिच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते, माजी कॅबिनेट सचिव होते, पेंटियम चिपशी नाव जोडलेले विनोद धाम होते. अशा मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी संस्थापक रामलिंग राजूंच्या कुटुंबाशीच संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या विकत घ्यायला संमती दिली. गुंतवणूकदार खवळले, तेव्हा तो व्यवहार मागे घ्यावा लागला. वर्ष संपायच्या आत काही नामवंतांनी राजीनामे दिले आणि ७ जानेवारी २००९ ला राजूंचं हिशेबातल्या घोटाळ्याचं कबुलीपत्र बाहेर आलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्यानंतर चारच दिवसांत सरकारने दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांना नेमलं. ही नावंही वजनदार होती, पण फरक नावांत नव्हता. जुन्या मंडळाला प्रवर्तकाने बोलावलं होतं. नव्याला सरकारने प्रवर्तकाच्या जागी बसवलं होतं, आणि वाचवण्यासारखे ग्राहक व अभियंते अजून जागेवर होते. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ५८ रुपये भावाने बोली जिंकली.

तारणहार खरा असला तरी तो लहान भागधारकासाठी आलेला असतोच असं नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेचं मंडळ रिझर्व्ह बँकेने बरखास्त केलं आणि स्टेट बँकेने दहा रुपये दराने पैसे ओतले. ठेवीदार वाचले. ज्यांच्याकडे शंभर किंवा त्याहून जास्त शेअर होते, त्यांचे मात्र पाऊण हिस्सा शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. बँक सावरली म्हणून टाळ्या वाजवताना आपला माल विकता येत नाही, असा हा अनुभव होता.

हे झाले मोठ्या, वर्तमानपत्रांत गाजलेल्या कंपन्यांचे दाखले. त्यांच्याखाली दोन-तीन रुपयांच्या शेअरांचं एक वेगळंच जग आहे. तिथे निवृत्त सनदी अधिकारी किंवा बँकेचा माजी सरव्यवस्थापक मंडळावर आल्याची घोषणा होते, शेअरला रोज अप्पर सर्किट (दिवसाच्या वाढीची कमाल मर्यादा) लागतं आणि विकणारा कुणी दिसत नाही. तेजी ओसरली की तोच शेअर लोअर सर्किटला लागतो आणि घेणारा दिसत नाही. अशा वेळी संचालक आणि भागधारक, दोघांची स्थिती शेजारीशेजारी ठेवून पाहावी. स्वतंत्र संचालकाला कायद्याने स्टॉक ऑप्शन मिळत नाही; प्रत्येक बैठकीचा भत्ता मिळतो, तो जास्तीत जास्त एक लाख रुपये. त्याची जबाबदारीही मुख्यतः मंडळाच्या कामकाजातून त्याला जे कळलं तेवढ्यापुरती. वातावरण बिघडलं तर तो एक पत्र लिहून बाहेर पडतो. त्याच्या नावावर विसंबून दहा हजार शेअर घेणाऱ्याला मात्र बाहेर पडायला समोर गिऱ्हाईक लागतं. एकाच बातमीने दोघे आत आले, पण बाहेर जायचा रस्ता एकालाच आहे.

दहा हजार हा आकडाही फसवा. तीस हजारांत एवढे शेअर हाती आले की कंपनीचा मोठा तुकडा घेतल्यासारखं वाटतं. सहा रुपयांची व्होडाफोन आयडिया स्वस्त दिसत होती, पण नुसते दोन वेळा सरकारला दिलेले शेअरच संख्येने पाच हजार कोटींच्या वर आहेत. उलट टोकाला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स. हिचा भाव कागदावर ३ रुपये ५३ पैसे होता आणि तिच्या पोटात एशियन पेंट्सचे शेअर होते, म्हणून त्या भावाला ती कुणी विकतच नव्हतं. २९ ऑक्टोबर २०२४ च्या खास लिलावानंतर एकाच दिवसात भाव २,३६,२५० रुपये झाला. नवा संचालक येण्याची गरज पडली नाही.

आता थोडं उपयोगाचं. २०२२ पासून सूचिबद्ध कंपनीला संचालकाच्या नेमणुकीवर तीन महिन्यांत, किंवा त्याआधी सर्वसाधारण सभा असेल तर तिथे, भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. स्वतंत्र संचालक असेल तर विशेष ठराव मांडावा लागतो. त्यासाठीची सूचना ई-मेलने येते आणि तिच्या शेवटच्या पानांवर त्या माणसाची माहिती असते: तो आणखी कुठे संचालक आहे, इतर संचालकांशी त्याचं नातं काय, गेल्या तीन वर्षांत कोणत्या सूचिबद्ध कंपन्यांतून त्याने राजीनामा दिला, आणि या कंपनीत त्याचे स्वतःचे शेअर किती. घोषणेच्या दिवशी धावत शेअर घेणाऱ्यांपैकी फार थोडे ती पानं उघडत असावेत. मतदान आपल्या डीमॅट खात्यावरून घरबसल्या करता येतं, विरोधातही.