हा सुतारच ना?



नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला सुतार म्हटले (मार्क 6:3) ते कौतुकाने नव्हे, हिणवून. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन', म्हणजे घडवणारा, बांधणारा कारागीर. आज भिवंडीतही मुलगा सुतारकाम करतो हे सांगताना आईचा आवाज खाली येतो. बारावी नापास झालेल्याच्या हाती रंधा द्यायचा, जणू ती शिक्षाच!

सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळे-खेळण्यांसाठी प्रसिद्ध. 1970 च्या सुमारास तिथली गंजिफा कला संपत आली होती. जाणते उरले होते वृद्ध पुंडलिक चितारी. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. पुढे राजवाड्यातच गंजिफा व लाखकाम सुरू झाले. राजा शिकतो, आणि लाज आपल्याला!

जपानमध्ये नारा येथील होर्युजी मंदिराचे सुतार त्सुनेकाझू निशिओका (1908-1995). आजोबांनी त्यांना आधी शेतकी शाळेत घातले. माती कळल्याशिवाय झाड कसे कळणार? डोंगराच्या दक्षिण उतारावरचे लाकूड इमारतीच्या दक्षिणेलाच लावावे, असे ते शिकवत. त्या मंदिराच्या जुन्या लाकडी इमारती सुमारे 1300 वर्षे उभ्या आहेत.

पोप पायस बारावे यांनी 1955 साली 1 मे हा कामगार संत योसेफ यांचा सण ठरवला. त्या दिवशी मिस्साला येताना आपली करवत, पटाशी, ओळंबा सोबत आणा; वेदीपुढे हत्यारांना आशीर्वाद दिला जाईल. गोदामात खोकी ठोकणाऱ्या मुलांनीही हातोडी आणावी. आईला सांगून आणावी.