पहिला घाणा

दिवाळीच्या आधी ज्या घरात कढई चढते, त्या घरात एक न लिहिलेला नियम असतो : पहिला घाणा पाहुण्यांपुढे ठेवायचा नाही. तुपाचा अंदाज यायचा असतो, पिठाचा स्वभाव कळायचा असतो. पहिला अनारसा हसतो, पहिली चकली तेलात तुटते. आणि नव्याने हात बसवणाऱ्या सुनेचा किंवा लेकीचा तो पराक्रम घरातली माणसे काही न बोलता चहाबरोबर संपवून टाकतात. शिकणाऱ्याला चुकण्याची मुभा हवी, हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघराला फार पूर्वीच सुचलेले आहे.

पण अनारसा हसला म्हणून अनारशाला दुःख होत नाही. ज्या विद्येत हात बसवायचा तो पिठावर नव्हे, माणसावर, तिथे पहिला घाणा कोणी सोसायचा?

हा प्रश्न मला यंदा जुलैत पडला, आणि तो घातला माझ्या नातीने. ती अमेरिकेत कॉलेजात गणित शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती न्यू इंग्लंडमधल्या एका जुन्या निवासी शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून गेली होती. तिकडे अशा अनेक शाळा उन्हाळ्यात चार-पाच आठवड्यांचे वर्ग चालवतात, आणि कॉलेजातल्या मुलामुलींना अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली घेतात. शाळा निवासी, त्यामुळे काम घंटेबरोबर संपत नाही. सकाळी वर्ग, दुपारी मैदान आणि रात्री वसतिगृह. घरच्या आठवणीने कोण रडते आहे आणि दिवे मालवल्यावर कोण कुजबुजते आहे, हेही त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनीच पाहायचे.

एका रात्री तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती. आवाजावरून ती झोपली नव्हती हे कळत होते.

"आजोबा, मी काल वर्गात चुकीचे शिकवले."

चूक तशी लहान होती. ५ हे ३ पेक्षा मोठे. पण उणे ५ मात्र उणे ३ पेक्षा लहान. म्हणून अशा मांडणीला ऋण संख्येने भागले की मधले चिन्ह उलटवावे लागते. पोर फळ्यापाशी गडबडली आणि चिन्ह उलटवायचे विसरली. मुलांनी मुकाट्याने उतरून घेतले. मागे बसलेल्या वयस्क शिक्षिकेने तास संपेपर्यंत तोंड उघडले नाही, नंतर एवढेच विचारले, "उद्याची सुरुवात कुठून करणार?"

"ती चूक मी सुधारेन हो," नात म्हणाली, "पण ही मुले इथे एकच उन्हाळा असणार. मी शिकवायला शिकेन, आणि त्यांचा उन्हाळा माझ्या शिकण्यात खर्ची पडेल. हे बरोबर आहे का, आजोबा?"

मी तिला काहीतरी धीराचे बोललो. पण प्रश्न फोनबरोबर बंद झाला नाही.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो : श्रेष्ठ कोण? निवाडा ठरतो तो असा, की दोघांच्या शिष्यांचे नृत्य पाहावे. नाटक वाचताना आपण विदूषकाच्या युक्तीला हसतो. पण जरा पाहा : परीक्षा आचार्यांची, आणि रंगभूमीवर उभी कोण, तर मालविका! गुरूच्या कसोटीला शिष्याचा जीव टांगणीला लागतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

शिकाऊ हाताला काम द्यावेच लागते, याबद्दल वाद नाही. आज निष्णात असलेल्या प्रत्येक शल्यवैद्याने कोणावर तरी पहिली शस्त्रक्रिया केलेलीच असते. खरा प्रश्न पुढचा आहे. तो कोणी तरी बहुधा कोण असतो?

या बाबतीत इतिहास फारसा भूषणावह नाही. १७८९ साली मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांच्या निवासी आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. देशी शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहून त्याला ती रीत आवडली. आश्रमाचे शिक्षक तिला राजी होईनात, तेव्हा त्याने मुलांनाच मुलांचे शिक्षक केले. प्रयोग नावाजला, १७९७ साली त्याने त्यावर पुस्तक छापले, आणि 'मद्रास पद्धत' इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळांत पसरली. तिच्यामुळे हजारो मुलांना अक्षरे दिसली, हे खरेच. पण प्रयोगाला अनाथाश्रम सापडला, हा निव्वळ योगायोग म्हणावा काय? "आमच्या पोराला पोराने का शिकवावे?" असे विचारायला त्यांतल्या बहुतेकांच्या दारात कोणी येणार नव्हते.

आता नातीच्या मुलुखाकडे पाहा. तिकडच्या एक्सेटर गावच्या फिलिप्स अकादमीला १९३० साली एडवर्ड हार्कनेस या धनिकाने मोठी देणगी दिली. तीतून वर्गातल्या बाकांच्या रांगा गेल्या आणि लंबवर्तुळाकार मेज आले. भोवती बाराएक मुले आणि त्यांच्यातच शिक्षक. पुढे ही बैठक कितीतरी निवासी शाळांनी उचलली. जिथे वर्ग इतका लहान आणि शुल्क इतके मोठे, तिथे शिकाऊ शिक्षकाच्या पाठीशी जाणते माणूस बसवलेले असते. उलट त्याच देशात १९९० साली 'टीच फॉर अमेरिका' ही चळवळ सुरू झाली. ताज्या पदवीधरांना उन्हाळ्यात काही आठवडे तयार करायचे आणि मग गरीब वस्त्यांतल्या शाळांत दोन वर्षांसाठी वर्ग सोपवायचा, अशी तिची रीत. २००९ साली तिचीच धाकटी बहीण पुण्या-मुंबईत आली. या तरुणांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. जिथे कोणीच जात नाही तिथे ते जातात. तरीही मनात येते, की श्रीमंताच्या मुलापुढे नवखा उभा राहतो तो जाणत्याच्या नजरेखाली, आणि गरिबाच्या मुलापुढे बरेचदा एकटा. पहिला घाणा सोसायचाच असेल, तर तो सदा एकाच पंगतीला का वाढावा?

हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही कबूल केले पाहिजे. कॉलेजात असताना एका मे महिन्यात मीही तालुक्याच्या एका वसतिगृहात शिकवायला गेलो होतो. सुट्टीतही घरी न गेलेली मुले होती. कित्येकांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती. मी एकटाच शिक्षक. एका बारा वर्षांच्या मुलाने विचारले, "सर, उणे गुणिले उणे अधिक कसे होते?" मला ठाऊक नव्हते. मी गुरकावलो, "नियम आहे तो. पाठ कर." त्याने पाठ केला. उरलेल्या महिन्यात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

चुकीचे उत्तर दुसऱ्या दिवशी पुसता येते. माझ्या नातीने तेच केले. वर्गात जाताच तिने सांगितले, "काल मी चूक केली, कुठे, ते शोधा पाहू." सगळे मेज पुढे वाकले म्हणे! पण अज्ञान झाकण्यासाठी मी त्या मुलाची जिज्ञासाच मारली, आणि ती पुसण्यासारखी चूक नव्हती. मागे बसून "उद्याची सुरुवात कुठून करणार?" असे विचारणारे कोणी त्या खोलीत असते तर? आणि नसतेच, तरी "मला येत नाही, उद्या सांगतो" एवढे पाच शब्द माझ्या तोंडून का निघू नयेत?

म्हणून दुसऱ्याच्या मुलावर शिकण्याचा हक्क कोणालाच नसतो, असे मला वाटते. ते उसने मागून घ्यायचे असते. मागताना पाठीशी जाणते माणूस हवे आणि तोंडी कबुली हवी. आणि हे कर्ज ज्याचे, त्याला फेडता येत नाही. पुढे येणाऱ्या मुलांना फेडावे लागते. नंतर तीस वर्षे मी शिक्षकी केली ती, माझ्या समजुतीने, त्या एका मुलाची फेड म्हणून.

वर्ग संपले तेव्हा नातीचा पुन्हा फोन आला. मी तिला ही सारी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आता येते का तुम्हाला? उणे गुणिले उणे अधिक का ते?"

"येते की."

"मग सांगा."

मी सांगितले; अगदी सावकाश, त्या मुलाला सांगायला हवे होते तसे. तिला ते सारे येतच होते. तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.