विहंगावलोकन आणि सिंहावलोकन

मराठीत पाहण्याच्या दोन रीतींसाठी दोन भारदस्त शब्द आहेत. एक विहंगावलोकन आणि दुसरा सिंहावलोकन. शाळकरी निबंधांपासून संस्थांच्या वार्षिक अहवालांपर्यंत ते इतके रुळले आहेत, की त्यांच्या पोटातली चित्रे आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत. विहंग म्हणजे आकाशगामी पक्षी. त्याला सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात दिसतो. परंतु त्या प्रदेशावर त्याचे पाऊल पडलेले असेलच असे नाही. सिंह मात्र चालत आलेला असतो. काही अंतर गेल्यावर तो थांबतो, मान वळवतो आणि आपण आक्रमिलेली वाट न्याहाळतो. पहिल्याच्या पाहण्यात विस्तार असतो, दुसऱ्याच्या पाहण्यात अनुभव. हे दोन शब्द आपण जवळजवळ समानार्थी असल्यासारखे वापरतो. उंचीवरून पाहणे ही नुसती डोळ्यांची गोष्ट नसून तिला एक नैतिक बाजूही आहे, याचा आपल्याला पडलेला विसर कदाचित त्या सैलपणामागे असेल.

या प्रश्नाचे एक अगदी निरागस उदाहरण घेऊ. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या ईशान्येस बरोसा नावाचे द्राक्षखोरे आहे. तेथे हौशी प्रवाशांना हेलिकॉप्टरमधून दहा-पंधरा मिनिटांची फेरी घडवतात. पंखा गरगरू लागतो, गवत आडवे होते, आणि बघता बघता खालची जमीन एखाद्या विणकामासारखी दिसू लागते. वेलींच्या ओळी फणीने भांग पाडावा तशा सरळ, मधून वळणारी नदी, चर्चचा मनोरा, टेकड्यांच्या सावल्या. मग फेरी संपते आणि त्याच खोऱ्यातल्या वाइनचा पेला हाती येतो. यात कोणाचे काही बिघडत नाही. जे दिसले ते सुंदर होते, आणि ते सौंदर्य खोटेही नव्हते. एखाद्याच्या सुखाच्या पंधरा मिनिटांवर नीतीचा दंडुका उगारणे हा कोरडा सोवळेपणा ठरेल.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रशियातील धार्मिक जाचामुळे देश सोडून आलेली लुथरपंथी जर्मन कुटुंबे १८४२ पासून या खोऱ्यात वसली. १८४३ मध्ये लावलेल्या शिराझ जातीच्या काही वेली तेथे अजूनही फळ देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. दक्षिण ऑस्ट्रेलिया तिच्यापासून बचावला, म्हणून त्या वेली राहिल्या. जवळ जाऊन पाहिले तर त्यांची खोडे जुनाट, पिळवटलेली, गाठाळ दिसतात. वरून मात्र पावणेदोनशे वर्षांहून जुनी वेल आणि पाच वर्षांची वेल यांत फरक उरत नाही. दोन्ही एका हिरव्या रेषेचे ठिपके होतात. उंची आपल्याला आकार देते आणि त्याच्या मोबदल्यात वय काढून घेते. ज्याला त्या खोडाची गोष्ट आधीच ठाऊक आहे, त्याला हा सौदा उमगतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला आपण काही गमावले याचाही पत्ता लागत नाही.

हाच सौदा आपल्या घरच्या भूमीवर अधिक महागात पडतो. महाराष्ट्रात वाइनचा उद्योग १९८०च्या दशकात नारायणगावी फेसाळ वाइनने नावारूपाला आला. पुढे १९९९ मध्ये नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात नवी वायनरी उभी राहिली, आणि त्यानंतर दिंडोरीपर्यंतच्या टापूत अशा अनेक वायनऱ्या निघाल्या. त्यापूर्वीपासून नाशिक जिल्हा खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध होताच. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपी जाते. आपल्याकडे तिला ती झोप मिळत नाही, म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो : उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. मग काडी मोजायची, फुटवे काढायचे, घडांची विरळणी करायची, खाण्याच्या द्राक्षांचे घड एकेक करून संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे. या कामासाठी सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात आणि बागेतच खोपटे बांधून हंगाम काढतात. आकाशातून पाहणाऱ्याला या दोन छाटण्यांतले वर्ष दिसत नाही, ती खोपटीही दिसत नाहीत. एवढेच कशाला, मांडवावर चढवलेल्या बागेत द्राक्षसुद्धा दिसत नाही; कारण पानांचे छप्पर वर असते आणि घड त्याच्या खाली लोंबत असतात. द्राक्षाच्या मुलखावरून उडणाऱ्याच्या दृष्टीला नेमके द्राक्षच वगळले जावे, यात मला या सबंध प्रश्नाचे सार दिसते.

सहलीच्या फेरीत हे वगळणे निरुपद्रवी आहे. पण आपल्या सार्वजनिक जीवनात हेलिकॉप्टरची दुसरीही एक छोटी फेरी असते. तिला आपण हवाई पाहणी म्हणतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. नाशिक जिल्ह्यात ते दिवस द्राक्षाच्या काढणीचे होते. गारेचा मार बसलेला मणी चिरतो, चिरलेला मणी सडू लागतो आणि सड शेजारच्या मण्याला लागते. घड वरवर शाबूत वाटला तरी बाजाराच्या दृष्टीने तो संपलेला असतो. हे नुकसान मांडवाखाली वाकून, घड हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून हवाई पाहणीच्या जोडीला आपल्याकडे पंचनामा नावाची जुनी रीत आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येतात, शेतकऱ्यासमक्ष आणि पंचांसमक्ष पाहतात, लिहितात, सह्या घेतात. पंचनाम्यातही दिरंगाई असते, वशिला असतो, नजरचूक असते. परंतु त्याच्या मुळाशी एक शहाणपण आहे : जे पाहिले ते एकट्याने पाहिलेले नसावे, आणि ज्याचे नुकसान झाले तो पाहणाऱ्याच्या समोर उभा असावा. पिकाच्या नुकसानीला मदत मिळण्यासाठी पूर्वी निम्मे पीक गेलेले असावे लागे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आणली. निम्मे आणि एक तृतीयांश यांतला फरक एखाद्या कुटुंबाचे वर्ष ठरवतो, आणि तो फरक कोणत्याही खिडकीतून वरून मोजता येत नाही.

हे लिहितो आहे ते नाशिकपासून फार दूर, चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूरमध्ये बसून. येथे द्राक्षबागा नाहीत. १९६४ पासून वाढत गेलेली औद्योगिक वसाहत, यंत्रशाळा, त्यांच्या मागे आलेल्या वस्त्या, आणि या सर्वांच्या आधीपासून असलेली तळी असे या उपनगराचे रूप आहे. २०११ मध्ये ते चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पण उंचीवरून पाहण्याच्या प्रश्नाला याच भूमीने मला दोन बाजू दाखवल्या. २०१५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चेन्नई बुडाली. अंबत्तूरच्या कारखान्यांतही पाणी शिरले. विमानतळ बंद पडला आणि अरक्कोणमच्या नौदल तळावरून विमाने सोडावी लागली. त्या दिवसांत शहरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होती. काही अन्नाची पुडकी टाकत होती, गच्च्यांवरून माणसे उचलून घेत होती. काहींतून मान्यवर पाण्याची पाहणी करत होते. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला पंख्यांचा आवाज सारखाच ऐकू येई. वर पाहून हात हलवताना, हे यंत्र आपल्यासाठी खाली येणार आहे की आपल्याला पाहून पुढे जाणार आहे, हे त्याला कळत नसे. दोन्ही यंत्रांची उंची एकच होती. भेद होता तो खाली उतरण्याच्या तयारीचा.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की मग चालणाऱ्याचे पाहणे तेवढे खरे आणि उडणाऱ्याचे खोटे. पण हा निष्कर्ष घाईचा होईल, आणि अंबत्तूरच त्याला उत्तर देते. तमिळ मुलखात पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्याला ‘एरी’ म्हणतात. या एऱ्या सुट्या नसतात. अंबत्तूरच्या एरीचे वाढीव पाणी कोरट्टूरच्या एरीकडे आणि तेथून माधवरमच्या एरीकडे जावे, अशी ही साखळी आहे. उतार ओळखून एकेक तळे दुसऱ्याला जोडणाऱ्या पूर्वजांना आकाशातून पाहण्याची सोय नव्हती. तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्यातून त्यांनी जणू एक विहंगदृष्टी कमावली होती. आज मात्र कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या रहिवाशाला फक्त आपली गल्ली दिसते. पाणी आपल्याच दारात का तुंबले, याचे कारण दोन मैलांवरच्या एखाद्या बुजलेल्या ओढ्यात असते, आणि ते त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही. ती तुटलेली साखळी वरून घेतलेल्या छायाचित्रात ढळढळीत दिसते. म्हणजे जमिनीवरच्या माणसालाही त्याचा असा एक आंधळेपणा आहेच. आपले दुःख त्याला पुरते ठाऊक असते. पण त्याचा नकाशा त्याच्यापाशी नसतो. आणि वरच्या माणसाकडे नकाशा असतो, पण त्यावर दुःखाची खूण नसते.

या दोघांची गाठ घालून देणारे एक आकाशगमन आपल्या साहित्यात फार पूर्वी होऊन गेले आहे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला घेऊन लंकेहून अयोध्येला निघतो. कालिदासाने हा सबंध सर्ग जवळजवळ खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यांना दिला आहे. समुद्र, सेतू, किनाऱ्याची वने, मग दंडकारण्य. सहलीच्या फेरीत असावे ते सारे येथे आहे. सीता कुतूहलाने खिडकीबाहेर हात काढते आणि मेघाची वीज तिच्या मनगटावर कंकणासारखी लखलखते. परंतु राम तिला जे दाखवत जातो, ते देखाव्यापुरते उरत नाही. ही ती जागा, जेथे तुला शोधताना तुझे एक नूपुर मला सापडले. हा तो माल्यवान पर्वत, जेथे पहिल्या पावसाबरोबर माझे अश्रू गळले. मग गोदावरी येते, आणि पंचवटी. तेथे राम सीतेला आठवण देतो ती तिने घड्यांनी पाणी घालून वाढवलेल्या आंब्याच्या रोपांची. परंपरा ज्या पंचवटीला नाशिकमध्ये मानते, तीच ही भूमी.

पाहणारे दोघे उंचावर आहेत, पण खालच्या प्रत्येक जागेवर त्यांचे पाऊल पडलेले आहे, घाम गळलेला आहे, काही हरवलेले आणि काही सापडलेले आहे. त्यांची दृष्टी विहंगाची असून तिच्यात सिंहाचे मागे वळून पाहणे मुरले आहे. कालिदासाचा एक तपशील मला विशेष वाटतो. पंचवटीतली काळविटे माना वर करून विमानाकडे पाहत आहेत, असे तो सांगतो. खालची भूमी येथे नुसती पाहिली जात नाही, तीही वर पाहते, ओळख दाखवते. पाहण्याच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना डोळे आहेत.

याच्या उलट दिशेचा आणि उलट भावाचा एक प्रवास वाल्मीकीने आधी सांगितलेला आहे. रावण सीतेला आकाशमार्गे पळवून नेत असताना तिला खाली एका पर्वतशिखरावर पाच वानर दिसतात. ती आपले दागिने उत्तरीयात बांधून त्यांच्यामध्ये टाकते. उंचीवरून दिसणाऱ्या अनोळखी ठिपक्यांना तिने साक्षीदार मानले. जणू पंच नेमले. पुढे तेच दागिने रामापुढे आले. जी स्वतः असहाय होती, तिनेही खालच्यांशी नाते जोडण्याची वाट शोधली. मग ज्याला स्वेच्छेने, सुखाने, तिकीट काढून किंवा अधिकाराच्या बळावर ती उंची मिळाली आहे, त्याच्याकडून एवढी अपेक्षा धरणे जास्तीचे ठरू नये.

उंचीवरून पाहणाऱ्यावर कोणते ऋण येते, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. जे सौंदर्य दिसले ते त्याने आनंदाने घ्यावे. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र जे दिसले ते सगळे नव्हे, हे त्याने त्याच क्षणी मनाशी नोंदवावे. आणि त्या पाहण्यावरून कोणाच्या पदरात काय टाकायचे हे ठरवायचे असेल, तर खाली उतरल्याखेरीज त्याने निर्णय करू नये. आजकाल उपग्रहांची आणि ड्रोनची चित्रे पाहून पिकांचे, पुराचे, वस्त्यांचे हिशेब मांडले जातात. पाहणारा आता विमानातही नसतो. तो कोठेतरी पडद्यासमोर बसलेला असतो, आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणेही खालच्याला शक्य नसते. अशा काळात ते उतरणे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक अगत्याचे झाले आहे. द्राक्षाचा घड पानांच्या खालीच लागतो. तो पाहायचा असेल तर मांडवात शिरावे लागते, आणि मांडवात शिरताना उंच माणसालाही वाकावे लागते.