दंड-बैठका आणि आरसा

शरीर ‘टोन’ करणे हा शब्दप्रयोग आता आपल्या घरांत पुरता रुळला आहे. दाराआड गुंडाळून ठेवलेली चटई, खुंटीला अडकवलेला रबरी पट्टा आणि पलंगाखाली सरकवलेली डंबेल्सची जोडी ही सामग्री आज बंगल्यात दिसते तशी चाळीतल्या एका खोलीतही दिसते. २०२० सालच्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपे लागली, तेव्हा पुष्कळांनी घरच्या फरशीवरच व्यायाम सुरू केला. साथ ओसरली तरी काहींची ती सवय टिकून राहिली. ह्या मंडळींपैकी कोणी कोणी, विशेषतः तरुण मुली, आम्हांला संकोचाने विचारतात, ‘फादर, रोज अर्धा तास स्वतःच्याच शरीरावर घालवायचा, आरशात निरखून पाहायचे, हा देहाचा फाजील लाड तर नव्हे?’ ‘नव्हे’ असे एका शब्दात सांगून त्यांची बोळवण करता येईल. पण प्रश्न तेवढा सोपा नाही. माणसाने आपला देह घडवावा तो कोणासाठी, असा तो प्रश्न आहे.

आधी हे ‘टोन’ प्रकरण काय आहे ते पाहू. शरीरशास्त्राच्या भाषेत टोन म्हणजे विश्रांतीच्या वेळीही स्नायूत टिकून राहणारा किंचित ताण. व्यवहारात मात्र आपल्याला अभिप्रेत असते ती गोष्ट निराळी: स्नायू थोडा भरावा आणि त्यावरील चरबीचा थर उतरावा, म्हणजे त्याची रेखा दिसू लागते. पोटाचे व्यायाम केले की पोटावरचीच चरबी झडते ही समजूत खरी नाही; चरबी आधी कोठून उतरवायची हे शरीर आपल्या मर्जीने ठरवते. स्नायूला लोखंड आणि पाणी ह्यांतला भेद कळत नाही, त्याला भार तेवढा कळतो. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हे एक किलोचे वजन झाले; तांदळाची पिशवी पाच किलोचे. आणि सर्वांत मोठे वजन तर आपण अष्टौप्रहर बरोबरच घेऊन हिंडत असतो. जमिनीवर हात टेकून छाती खाली-वर करताना शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. तो झेपत नसेल त्याने उभ्याने भिंतीला हात लावून सुरुवात करावी, मग टेबलाचा आधार घ्यावा, मग जमिनीवर यावे. बैठका जमत नसतील त्याने खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि सावकाश बसावे. भार थोडा थोडा वाढवीत नेणे आणि मधल्या दिवशी विश्रांती घेणे, एवढेच ह्यातले रहस्य. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी चालण्यासारख्या मध्यम श्रमांच्या आठवड्याला किमान १५० मिनिटांखेरीज, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला आहे. ह्याहून अधिक तपशील जाणकारांना विचारावा. तो आमचा प्रांत नव्हे.

साधनांवाचून घरच्या घरी व्यायाम ही पश्चिमेची टूम आहे असे मात्र कोणी समजू नये. दंड-बैठकांना साडेतीन हात जमीन पुरते. आपल्याकडील मुद्गल पाहून ब्रिटिश सैन्याने ते उचलले आणि एकोणिसाव्या शतकात ‘इंडियन क्लब्ज’ ह्या नावाने ते इंग्लंडात घरोघरी फिरू लागले. उलट दिशेने युजेन सँडो हा जगप्रसिद्ध बलोपासक १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात आपले प्रयोग करून गेला आणि त्याच्या डंबेल्सचे वेड इकडच्या सुशिक्षितांना लागले. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनीही काही वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे ती साधने बाजूला ठेवून त्यांनी सूर्यनमस्कार धरले, त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानातील शाळांतून त्यांचा प्रसार केला. प्रजेच्या पाठीच्या कण्याची एवढी काळजी वाहणाऱ्या ह्याच राजाने १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. आम्हांला ह्या दोन गोष्टी एकमेकींना धरून असलेल्या वाटतात. (सूर्यनमस्कार ख्रिस्ती माणसाने घालावेत की नाही, हा वाद आमच्या समाजात अधूनमधून उठतो. मंत्र ज्याला खटकतो त्याने मंत्राविना घालावेत. तेही ज्याला खटकते त्याने बैठका काढाव्यात. बैठकांना कोणताच धर्म नाही.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आरशाचा मोह किती खोल जाऊ शकतो ह्याचे एक उदाहरण संतचरित्रातच आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा उजवा पाय मोडला. हाड जुळले, पण गुडघ्याखाली त्याचा एक भाग वर आलेला राहिला. दरबारात मिरवू पाहणाऱ्या त्या उमरावाला हे विद्रूप वाटले, म्हणून त्याने ते हाड करवतीने कापून घेतले. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. प्रकृतीला त्याची काही गरज नव्हती. पाय दिसायला नीट असावा, एवढ्यासाठी एवढे दुःख! आज तरुण मुले दंड लवकर फुगावेत म्हणून कोणीतरी हाती दिलेली इंजेक्शने टोचून घेतात, तेव्हा आम्हांला हा पाय आठवतो.

तथापि चांगले दिसावे असे वाटणे हा आमच्या मते दोष नव्हे. रविवारी मिस्साला येताना माणसे धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घालतात ते काय केवळ अंग झाकण्यासाठी? आरशात दोष असतो तो निराळाच. आरसा कधी ‘पुरे’ म्हणत नाही. भूक भागते, तहान भागते, दमलेल्याला झोप येते. दिसण्याच्या भुकेला असा शेवट नाही, आणि हल्ली तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये साऱ्या जगाची शरीरे तुलनेसाठी हजर असतात. व्यायाम बाटलीभर पाण्याने होतो. असमाधान मात्र महागडे असते, आणि ते विकणाऱ्यांची बाजारात वाण नाही.

ह्याच इग्नेशियसने पुढे दुसरे टोक गाठले. पाम्प्लोनानंतर वर्षभरातच, मान्रेसा गावी, त्याने केस-नखे वाढू दिली, उपासांनी देह गाळला आणि प्रकृती कायमची बिघडवून घेतली. देहाला तुच्छ लेखण्याची ही ओढ आपल्या परंपरेत वारंवार डोके वर काढते. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या शरीराला ‘भाऊ गाढव’ म्हणत, आणि मरणसमयी त्यांनी त्या गाढवाची क्षमा मागितली असे सांगतात. प्रौढपणी इग्नेशियसची दृष्टी पालटली होती. १५४८ साली त्यांनी फ्रान्सिस बोर्जिया ह्यांना पत्र लिहून उपास कमी करण्यास आणि पोटाची व अंगबळाची काळजी घेण्यास बजावले. देह आणि आत्मा दोन्ही देवाचीच देणी असून दोहोंचा हिशेब द्यावयाचा आहे, हे त्या पत्राचे सूत्र. त्यांच्या आत्मिक साधनेच्या ग्रंथाचे नावच मुळी ‘व्यायाम’ असे आहे, आणि चालणे-धावणे हे जसे शरीराचे तसे हे आत्म्याचे, अशी तुलना त्यांनी आरंभीच केली आहे. शरीराच्या व्यायामाला क्षुद्र मानणारा माणूस ही उपमा निवडणार नाही.

मग मोजपट्टी कोणती? लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष तब्येत कमावण्यात घालविले आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. एखाद्या मुलाने आज तसे केले तर बाप त्याचे कौतुक करील काय? आपण टिळकांचे करतो, कारण ते बळ पुढे कोठे खर्ची पडले, मंडालेच्या सहा वर्षांत कसे कामी आले, हे आपल्याला ठाऊक आहे. बळाचा हिशेब ते मिळविताना लागत नाही, खर्च करताना लागतो.

येथे कोणी म्हणेल, पूर्वीच्या लोकांना कसला व्यायाम आणि कसले काय, त्यांचे काम हाच त्यांचा व्यायाम होता. आमच्या वसईच्या पट्ट्यात हे वाक्य हमखास ऐकू येते: केळीची बाग शिंपणारे आजोबा, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी गाठणारी आजी. आम्हांला ह्या गौरवगीतात अर्धेच सत्य दिसते. त्या आजीची मान आणि गुडघे पन्नाशीतच कुरकुरू लागत, हे गीतात येत नाही. कष्ट आणि व्यायाम एकच नव्हेत. व्यायामात भार किती घ्यायचा हे आपण ठरवतो, दमल्यावर थांबतो, उद्या विश्रांती घेतो. कष्टात हे तिन्ही दुसरा कोणीतरी ठरवतो. शहरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी हे चित्र दिसते: आतल्या खोलीत घरधनीण बैठका काढते आहे आणि बाहेरच्या खोलीत कामाला येणारी बाई उकिडवी बसून फरशी पुसते आहे. दोघींचे गुडघे सारखेच वाकतात. एकीचे त्याने बळकट होतात, दुसरीचे झिजतात, कारण तिचे हे सकाळपासूनचे चौथे घर असते. घरधनिणीने व्यायाम सोडावा असे आमचे म्हणणे नाही. लांब दांड्याचे पोछे आणावे, आठवड्याची एक सुट्टी पगारी द्यावी. गुडघ्यांचे मोल तिला आता कळले आहे, म्हणून तिच्याकडून ही अपेक्षा.

ह्याहूनही मोठे एक संकट आहे आणि ते सभ्य रूपात येते. व्यायाम हा सद्‌गुण ठरला की आजार हा अपराध ठरू लागतो. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पासष्टीत अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उभी हयात त्यांनी वाडीत काम केलेले, रोज पहाटे समुद्रापर्यंत चालत जाण्याचा नेम. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्यांच्याकडे जातो. एकदा तेथे आलेले पाहुणे त्यांच्या देखतच बोलत होते: काकांनी तेव्हाच मीठ कमी केले असते तर, काकांनी प्राणायाम केला असता तर. बोलणारे दुष्ट नव्हते. हातात फळांची पिशवी घेऊन आले होते. पण ईयोबाच्या मित्रांनी तरी वेगळे काय केले? सात दिवस मुकाट्याने जवळ बसले तोवर ते मित्र होते. तू काहीतरी पाप केले असशील, असे म्हणू लागले तेव्हा फिर्यादी झाले. आज ‘पाप’ हा शब्द उच्चारायला आपण लाजतो, म्हणून ‘तुम्ही चालत नव्हता का?’ असे विचारतो. व्यायामाने धोका कमी होतो, ही गोष्ट खरी. पण कमी होणे म्हणजे करार होणे नव्हे. माणूस आजाराचे कारण शोधतो ते पुष्कळदा रुग्णासाठी नसते. आपण चालतो, म्हणून आपल्याला हे होणार नाही, एवढा दिलासा त्याला हवा असतो. त्या गृहस्थांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत. पाहुणे बोलत होते तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळविले होते.

त्यांना उचलून बसविण्याचे, कूस बदलण्याचे काम त्यांच्या सुनेकडे आहे. ती शाळेत शिक्षिका आहे, वय पंचेचाळीसच्या आसपास. पहिल्या दोन महिन्यांतच तिची कंबर धरली. फिजिओथेरपिस्टने तिला उचलण्याची रीत शिकविली: कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यांतून वाकायचे, माणसाला छातीजवळ घ्यायचे, मगच उठायचे. पण रीत कळून भागेना, मांड्यांत तेवढे बळ हवे. म्हणून ती संध्याकाळी भात शिजत असताना स्वयंपाकघरात पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून बैठका काढू लागली. आधी पाच, मग दहा. गेल्या पावसाळ्यानंतर तिने दुसरी पिशवी घेतली. ‘फादर,’ ती एकदा हसत म्हणाली, ‘बाबा आता मला हलके वाटतात. आणि खरं सांगू का, दंड जरा भरलेत, ते बघायला पण मला आवडतं. चालेल ना?’ आम्ही म्हणालो, ‘चालेल, बाई, न चालायला काय झालं?’

आम्हांला खटकत होते ते वेगळेच. तिचा नवरा रोज पहाटे व्यायामशाळेत जातो. साठ किलोचा बार सहज उचलतो, असे त्यानेच आम्हांला एकदा सांगितले होते. पुढच्या शुक्रवारी तो घरी भेटला तेव्हा त्याच्या वडिलांचे वजन किती असेल, असे आम्ही त्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘पंचावन्न असेल.’ रात्रीचे कूस बदलणे आता त्याच्याकडे आहे.