आघातानंतरची वाढ : साक्ष आणि मोजमाप

आघातातून गेलेल्या व्यक्तीची मनःस्थिती तिच्याच उत्तरांवरून मोजणाऱ्या प्रश्नावलींना स्व-निवेदन प्रश्नावली म्हणतात, आणि त्यांतील पेच असा की, एकाच व्यक्तीची एक साक्ष ग्राह्य धरली जाते, तर दुसरीकडे संशयाने पाहिले जाते. या पेचावर एक समुपदेशिका आणि एक संशोधक यांचा संवाद येथे कल्पिला आहे.

समुपदेशिका : झोप उडाली, असे रुग्णाने लिहिले की आपण ते मानता; त्यानेच माणसांची किंमत कळली असे लिहिले, की ती मनाची समजूत ठरते. हा कोणता न्याय?

संशोधक : संशय माणसावर नाही, प्रश्नावर आहे. घटना-प्रभाव मापिकेची १९९७ मधील सुधारित आवृत्ती २२ विधानांतून गेल्या सात दिवसांतला त्रास तेवढा विचारते. टेडेस्की आणि कॅलहून यांच्या १९९६ मधील २१ विधानांच्या आघातोत्तर वाढीच्या सूचीत मात्र आपण आज कसे आहोत हे पाहून, पूर्वी कसे होतो हे आठवून, दोहोंतला फरक त्या घटनेमुळेच पडला असे ठरवून शून्य ते पाचमधला आकडा निवडावा लागतो. आणि पूर्वीचे आपण कमी लेखले, की आजचे आपोआप मोठे दिसतो. पॅट्रिशिया फ्रेझर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची मोजणी आघाताआधी आणि नंतर झाली, तेव्हा सांगितलेली वाढ आणि प्रत्यक्ष बदल यांचा मेळ बहुतांशी बसला नाही. उलट, वाढ अधिक सांगणे हे त्रास वाढण्याशी निगडित आढळले.

समुपदेशिका : मग दोष सूचीचाही आहे. माणसांपासून तुटलेल्याला तिच्या मूळ रूपात शून्याखाली जागाच नाही. तुटलेला आणि होता तसा राहिलेला, दोघांची खूण एकच. शिवाय आपत्तीची तारीख आधी कळत नसल्याने पूर्वमोजणी सहसा हाती नसते.

हा आक्षेप निर्णायक आहे, कारण ज्या मापात हानी लिहिताच येत नाही, त्यातल्या वाढीचा आकडा एकांगीच राहणार. संशोधकाने तो मान्य करून सुचविले की, सांगितलेली वाढ उपचाराच्या यशात जमा धरू नये, आणि ती फार सांगणाऱ्याची त्रासाची मापिका त्याच भेटीत पुन्हा पाहावी. समुपदेशिकेला दुसरी सूचना तत्काळ पटली. पहिली तिने या अटीवर स्वीकारली की, जमा न धरलेली ती साक्ष रुग्णासमोर खोडून काढली जाणार नाही.